'सिस्टम घेत नाही' हा शासनाचा आदेश नव्हे

काही वर्षांपूर्वी जबलपूरमधील एका शासकीय सेवा-खिडकीवर मी एका परिचित मराठी गृहस्थांसमवेत गेलो होतो. त्यांच्या नातवाला महाविद्यालयीन प्रवेशासाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. गृहस्थांचे वडील १९५३ साली नोकरीनिमित्त नागपूरहून जबलपूरला आले आणि येथेच स्थायिक झाले. घरात नागपूरच्या शाळेचा दाखला जपून ठेवलेला होता, जबलपूरमधील जुनी कागदपत्रेही होती. संगणकावरील अर्जात मात्र एक अनिवार्य प्रश्न होता : कुटुंब अन्य राज्यातून आले आहे काय? 'होय' म्हटले की पूर्वीच्या राज्याने वडिलांच्या नावे दिलेला दाखला मागितला जाई. तो कधी काढलेलाच नव्हता. 'नाही' म्हटले की १९५० सालचा जिल्हा निवडावा लागे, आणि यादीत फक्त आजच्या मध्य प्रदेशातील जिल्हे होते. नागपूर त्यात असणार कसे? खिडकीवरचा मुलगा सौजन्याने वागत होता. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाला, "अंकल, सिस्टम नहीं ले रहा है."

आता इतिहास पाहा. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्या दिवशी नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. त्या राज्याचे नावही मध्य प्रदेशच होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि १९६० साली ते महाराष्ट्राचा भाग झाले. म्हणजे १९५३ साली नागपूरहून जबलपूरला आलेला तो कारकून राज्याची सीमा ओलांडून आलाच नव्हता. सीमा नंतर, त्याच्या पाठीमागे आखली गेली. अर्जातील प्रश्नाला 'होय' हे उत्तर खोटे होते आणि 'नाही' हे उत्तर यंत्राला मान्य नव्हते.

अशा कुटुंबाला आजच्या मध्य प्रदेशात तो दाखला मिळावा की नाही, याबद्दल मी येथे निवाडा देत नाही. तो प्रश्न कायद्याचा आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. सक्षम अधिकाऱ्याने कागद पाहून, कारणे लिहून 'नाही' म्हटले असते तर ते मी निमूटपणे मान्य केले असते, कारण त्यावर अपील करता आले असते. माझी तक्रार निराळी आहे. तो प्रश्न अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. अर्ज दाखल झाला नाही, म्हणून पोच मिळाली नाही. पोच नाही म्हणून मुदत सुरू झाली नाही, आणि निर्णयच नाही म्हटल्यावर अपील कशावर करणार?

आणि हे कोठे घडले? ज्या राज्याने २०१० साली लोक सेवा गारंटी अधिनियम करून देशात या विषयातील पहिला कायदा केला, त्या राज्यात. त्या कायद्याची रचना मला आजही आदर्श वाटते. सेवा कोणतीही असो, क्रम एकच : अर्ज घ्या, पोच द्या, ठरलेल्या मुदतीत सेवा द्या किंवा कारणे लिहून नाकारा, नाकारल्यास पहिले अपील, मग दुसरे. विनाकारण विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये आणि कमाल ५,००० रुपये दंड. कोणती सेवा, किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपिलीय अधिकारी कोण, हे सारे अधिसूचनेने सेवेगणिक ठरवायचे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी स्थिर काय आणि बदलते काय याची वाटणी स्पष्ट करून ठेवली होती. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला तेव्हा हाच कणा ठेवून वर सेवा हक्क आयोगाकडे तिसऱ्या अपिलाची पायरी जोडली. कणा तोच राहिला, एक मणका वाढला.

कायद्याने जी वाटणी इतक्या नीटपणे केली, ती आपल्या संगणकीय आज्ञावल्यांनी मोडून टाकली आहे. हा दोष यंत्राचा नाही. आम्हा प्रशासकांचा आहे, आणि त्यात मीही आलो.

सेवेच्या मध्यावर असताना एका कार्यालयासाठी मी हौसेने एक आज्ञावली तयार करून घेतली. अर्जांची नोंद, छाननी, टिप्पणी, निर्णय, सारे पडद्यावर. कौतुक झाले. शेजारच्या जिल्ह्याने तिची प्रत नेली आणि आपल्या सोयीने बदलली. तिसऱ्याने त्या बदललेल्या प्रतीची प्रत नेली. पुढे एका नियमात दुरुस्ती झाली, तेव्हा ती दुरुस्ती प्रत्येक प्रतीत निरनिराळ्या माणसाकडून करून घ्यावी लागली, आणि एका ठिकाणी ती झालीच नाही. तेथील नागरिकांना रद्द झालेला नियम कितीतरी महिने लागू होत राहिला. कोणी मुद्दाम केले नव्हते. माझी बदली झाली, पुरवठादाराचा करार संपला, आणि कोणत्या प्रतीत काय वेगळे आहे हे सांगणारा एकही कागद मी मागे ठेवला नव्हता. जबाबदारी माझी होती.

'प्रत काढा आणि आपली म्हणा' ही आपल्या संगणकीकरणातील पहिली खोड. हिच्या मागे 'आमचा जिल्हा वेगळा' हा अभिमान असतो. दुसरी खोड हिच्या नेमकी उलट : 'संपूर्ण देशाला एकच आज्ञावली, कोणाला काही बदलता येणार नाही'. हिच्या मागे शिस्तीचा अभिमान असतो. सभांमध्ये हे दोन पक्ष एकमेकांशी तावातावाने भांडतात. माझे म्हणणे असे की दोघांची चूक एकच आहे. काय समान आणि काय भिन्न, हे कागदावर लिहून काढण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

संगणकशास्त्राने हे कष्ट केव्हाच घेतले आहेत. डेव्हिड पार्नास यांनी १९७६ साली असे मांडले की एकमेकांसारख्या आज्ञावल्या सुट्या न बनवता त्यांचे एक कुटुंब मानावे, आधी समान गुणधर्म अभ्यासावेत आणि मग भेद. १९९० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने अशा कुटुंबातील गुणधर्मांचा वृक्ष काढण्याची पद्धत दिली : कोणता गुणधर्म अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोणते दोन एकमेकांना पर्यायी, आणि एक घेतला की दुसरा घ्यावाच लागतो असे कोणते. यालाच पुढे 'सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन' हे नाव रूढ झाले. नंतर हीच दृष्टी कार्यप्रक्रियांना लावण्यात आली. नेदरलँड्समधील आयंडहोव्हन येथे विल व्हॅन डर आल्स्ट यांच्या गटाने दहा नगरपालिकांच्या प्रक्रिया शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्या. त्या काळी त्या देशात सुमारे ४३० नगरपालिका होत्या. सर्वांची कामे तीच, आणि प्रत्येकीची पद्धत थोडी निराळी. आपली गोष्ट याहून काही वेगळी नाही.

आपल्या घरातले उदाहरण द्यायचे तर सोऱ्या घ्या. भांडे एक, दट्ट्या एक, आणि डब्यात चकत्या निरनिराळ्या. शेवेची वेगळी, चकलीची वेगळी. शेवेसाठी एक सोऱ्या आणि चकलीसाठी दुसरा असे कोणी विकत घेत नाही, आणि 'घरात यापुढे फक्त शेवच होईल' असा फतवाही कोणी काढत नाही. आपल्या शासनात मात्र दर निविदेला नवा सोऱ्या येतो, आणि चकत्यांचा डबा पुरवठादाराच्या घरी असतो.

ही दृष्टी आपल्या प्रशासनाला परकी आहे असेही नाही. अँडरसन यांच्या महसुली लेख्यांच्या मॅन्युअलने मुंबई प्रांतातील गावदप्तराला १ ते २१ असे नमुने दिले. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो म्हणजे त्यांतील नमुना ७ आणि नमुना १२. गाव कोकणातले असो वा खानदेशातले, नमुना तोच, आतील नोंदी तेथील. उलट उदाहरणही आपल्याच दारात आहे. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेखाली नागपूर आणि जबलपूर एकत्र होते. मग वाटा फुटल्या. इकडे १९५९ ची संहिता आली, तिकडे १९६६ ची. आज महाराष्ट्रात तलाठी फेरफार नोंदवतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, तर मध्य प्रदेशात त्यालाच नामांतरण म्हणतात आणि त्यावर तहसीलदाराचा आदेश होतो. इकडे खसरा, तिकडे सातबारा. पण खरेदीखत झाले, नोटीस निघाली, हरकतीची वाट पाहिली, हरकत आली तर सुनावणी, न आली तर नोंद, हा कणा दोन्हीकडे एकच आहे. ज्यांना हा कणा दिसत नाही ते दोन राज्यांत दोन निविदा काढतात. ज्यांना फक्त कणाच दिसतो ते तहसीलदाराची चौकट मंडळ अधिकाऱ्याच्या माथी मारतात.

आपल्या देशात हे काम नीट झालेले नाही काय? झाले आहे, आणि त्यातील दोन मोठी कामे पुण्यात झाली आहेत याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. ई-कोर्ट्स प्रकल्पातील जिल्हा न्यायालयांसाठीची 'केस इन्फर्मेशन सिस्टम' ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त आज्ञावलीवर उभी केली. तिची रचना 'गाभा आणि परीघ' अशी आहे. गाभा देशभर समान, आणि परीघ प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या नियमांप्रमाणे आखायचा. जबलपूर हे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ. येथील नियम मुंबई उच्च न्यायालयासारखे नाहीत, आणि असावेत अशी कोणाची मागणीही नाही. तरीही जबलपूर जिल्हा न्यायालयातील दाव्याला आणि पुण्यातील दाव्याला त्याच पद्धतीचा सोळा चिन्हांचा क्रमांक मिळतो, आणि दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेला वारसदार त्या क्रमांकावरून पुढची तारीख पाहू शकतो. दुसरे उदाहरण दस्तनोंदणीच्या राष्ट्रीय सामायिक प्रणालीचे, म्हणजे एनजीडीआरएसचे. तीही पुण्याच्याच केंद्राने घडवली, आणि मुद्रांकाचे दर, दस्तांचे प्रकार, नियम हे त्या त्या राज्याने भरायचे अशी तिची योजना आहे. मध्य प्रदेशाने २०१५ पासून आपली स्वतंत्र 'संपदा' प्रणाली चालवली असून २०२४ साली तिची दुसरी आवृत्ती आणली. त्यालाही माझी हरकत नाही. कुटुंबात सामील व्हायचे की स्वतंत्र चूल मांडायची हे राज्याने ठरवावे, मात्र हिशेब करून ठरवावे, रुसून नव्हे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा, आणि तो खरा आहे. बदलाची प्रत्येक जागा आज्ञावलीला जड करते. वीस 'होय-नाही' निवडी ठेवल्या की १०,४८,५७६ प्रकार संभवतात, आणि तेवढे तपासणे कोणालाही शक्य नाही. शिवाय गाभ्यात एक चूक राहिली तर ती सर्वांनाच भोवते. म्हणूनच मी 'हवे तेवढे भेद ठेवा' असे म्हणत नाही. प्रत्येक भेदाला आधार मागा. ज्या भेदामागे कायद्याचे कलम, नियम किंवा अधिसूचना आहे तो राहील. 'आमच्याकडे पूर्वीपासून असेच चालते' एवढाच ज्याचा आधार आहे तो जाईल. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक भेद या एका प्रश्नाने गळून पडतात. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा लागू आहेत. हे खरे भेद होत. ते कोष्टकात बसतात आणि त्यांसाठी चार आज्ञावल्या लागत नाहीत.

दुसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा. ते म्हणतात, चौकटीत 'इतर' असा पर्याय ठेवला की तेथून गैरव्यवहार शिरतो, म्हणून चौकट घट्टच हवी. या युक्तिवादाने मी एके काळी भारावून गेलो होतो. पण घट्ट चौकटीने सत्य घट्ट होत नाही, ते फक्त पळवाट शोधते. आपल्यापैकी कितीकांच्या घरी १ जूनला जन्मलेले आजोबा आहेत, आठवून पाहा. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना अनिवार्य होता, आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, आणि गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख घालून रकाना भरला. गुरुजी भ्रष्ट नव्हते. रकान्याने त्यांच्याकडून खोटे लिहवून घेतले. जबलपूरच्या त्या खिडकीवरही शेजारच्या एका जाणत्याने सल्ला दिलाच : "नागपूर सोडा, छिंदवाडा टाका, चालून जाईल." चालून गेलेही असते. म्हणजे जी चौकट भ्रष्टाचार रोखण्यासाठी घट्ट केली, तिने एका सरळ माणसाला पहिल्याच पायरीवर खोटे बोलण्याचे आमंत्रण दिले. त्या गृहस्थांनी ते नाकारले, आणि त्याची किंमत त्यांच्या नातवाने मोजली.

तिसरा आक्षेप असा की अशी माणसे थोडी, त्यांच्यासाठी प्रणाली कशाला बदलावी? या प्रश्नाचे उत्तर, वाचकहो, आपण जे महाराष्ट्राबाहेर राहतो तेच देऊ शकतो. आपण सर्व अपवादच आहोत. माझ्या एका आप्ताला परदेशातून गावच्या जमिनीवर वारसनोंदीचा अर्ज करायचा होता. अर्जातील दूरध्वनीची चौकट दहाच अंक घेई. शेवटी त्याने चुलतभावाचा क्रमांक घातला, आणि पुढील सर्व सूचना त्या चुलतभावाला जात राहिल्या, ज्याच्याशी वाटणीचा वाद होता! १९५६ च्या सीमेने काही लोक अपवाद ठरले, २००० सालच्या छत्तीसगडच्या निर्मितीने आणखी काही, २०१४ च्या तेलंगणाने आणखी. ज्या देशात राज्यांच्या सीमा बदलतात आणि माणसे पोटासाठी हिंडतात, तेथे आजचा नकाशा कालच्या माणसावर लादणारी आज्ञावली ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो.

१) अर्ज स्वीकारणे आणि पोच देणे हे गाभ्याचे काम आहे. कोणतीही चौकट रिकामी वा न जुळणारी असली तरी पोच निघालीच पाहिजे. अपूर्ण अर्ज नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा आहे, पडद्याचा नाही.

२) कायदेशीर परिणाम असलेल्या प्रत्येक अनिवार्य निवडीत 'यांपैकी नाही, कारण पुढीलप्रमाणे' अशी एक वाट असावी, आणि तो अर्ज मुदतीसह, नावासह पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जावा.

३) बदलाच्या सर्व जागांची यादी, प्रत्येकीचा कायदेशीर आधार आणि तो लागू झाल्याची तारीख यांसह, लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावी. जिल्ह्यांची, तालुक्यांची यादीही तारखेनुसार असावी. १९५० विचारायचे असेल तर १९५० चा नकाशा दाखवावा.

४) गाभा आणि भेदांचे कोष्टक यांची मालकी शासनाची असावी. करार संपल्यावर पुरवठादाराने चकत्यांचा डबा घेऊन जाता कामा नये.

५) दर वर्षी भेदांची छाननी व्हावी. ज्याचा आधार संपला तो काढावा, आणि 'यांपैकी नाही' या वाटेने वारंवार एकच कारण आले असेल तर त्याला स्वतःची जागा द्यावी. अपवादांची नोंद ही तक्रार समजू नये. आपला नियम कोठे अपुरा पडतो हे सांगणारी यासारखी दुसरी माहिती नाही.

यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, प्रचंड खर्च लागत नाही. लागतो तो एका अधिकाऱ्याचा महिनाभराचा निगुतीचा अभ्यास, आणि बदली झाल्यावर पुढच्याच्या हाती देण्याजोगा लिहिलेला कागद. मी तो दिला नव्हता, म्हणून आज हे लिहितो आहे.

त्या गृहस्थांचा अर्ज शेवटी आम्ही कागदावर लिहिला, सोबत १९५० आणि १९५६ चा सारा तपशील जोडला आणि रजिस्टर्ड पोस्टाने अधिकाऱ्याच्या नावे पाठवला. पोचपावती आली. सुनावणीची तारीखही आली, पण तोवर प्रवेशाची मुदत टळली होती. मुलाने त्या वर्षी खुल्या गटातून दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. आजोबा मला एवढेच म्हणाले, "साहेब, 'नाही' म्हणायलाही कोणी भेटले नाही हो."

वाचकांना एक विनंती आहे. यापुढे कोणत्याही खिडकीवर 'सिस्टम घेत नाही' हे उत्तर मिळाले, तर रागावू नका, समोरच्या मुलाशी भांडू नका, आणि छिंदवाडाही टाकू नका. शांतपणे म्हणा : हे मला लिहून द्या, खाली नाव आणि तारीख घाला. अधिकाऱ्याला सही करून 'नाही' म्हणावे लागले की दहातील सहा वेळा तो आधी विचार करतो, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने पाहिले आहे.